अप्पांच्या मातीला बोललेला शब्द

एसटी फाट्यावर उभी होती आणि कंडक्टर घंटीची दोरी हातात धरून अप्पांचं ‘आमेन’ व्हायची वाट बघत होता. मी नव्या साडीत, हातात पिशव्या घेऊन दारातच खोळंबले होते. विलास आमच्या ट्रंका टपावर चढवून खाली उतरला होता आणि मान खाली घालून उभा होता. आमच्या लग्नाला पंधरवडाही झाला नव्हता. त्याला उज्जैनला रेल्वेत नोकरी होती, आणि आमच्या वाडीतून इतक्या लांब जाणारी मी पहिलीच मुलगी. अप्पांनी डोळे मिटून, भर रस्त्यात, खणखणीत आवाजात प्रार्थना केली. “प्रभू, ही माझी मुलगी एस्तेर. हिच्यात काही चांगलं नाही हे तू जाणतोस. आमच्यातल्या कुणातच नाही. हिला तुझ्या कृपेत ठेव.” सगळी एसटी ऐकत होती. गाडी सुटल्यावर शेजारच्या बाईंनी मला हळूच विचारलं, “तुझे वडील तुझ्यावर रागावलेत का गं?”

मी हसले. रागावले नव्हते हो, त्यांची माया करायची रीतच तशी होती. 

वाडीत राहिलेल्यांनो, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. पुण्याला, सुरतेला, कुठे कुठे गेलेल्यांनो, तुम्हालाही अप्पा उपदेशक आठवत असतील. गेले काही महिने तुम्ही सगळे फोनवर मला एकच विचारता आहात. अप्पांना गावी का नाही आणलं, आणि त्यांच्या मातीला त्यांचा शब्द का मोडला? फोनवर मला धड बोलता येत नाही, रडू येतं, आणि मग तुम्हीच म्हणता जाऊ दे. म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या घरात ‘शाबास’ हा शब्द नव्हता. मी पहिलीत असताना माझी अर्धी भाकरी वर्गातल्या एका उपाशी मुलीला दिली आणि धावत घरी येऊन अप्पांना सांगितलं. त्यांनी विचारलं, “कोण बघत होतं?” मी म्हटलं, गुरुजी. “मग झालं तर,” म्हणाले आणि पुन्हा वाचायला लागले. पुढे मी काहीही चांगलं केलं की माझ्याच डोक्यात तो प्रश्न आधी वाजायचा. माणूस आदामापासून बिघडलेला आहे, त्याच्या चांगुलपणाच्या मुळाशीही स्वतःचीच आरती असते, आणि खरोखर काही चांगलं झालंच तर ते देवाच्या कृपेनं, हे अप्पा दर रविवारी सांगत. “बादलीनं पाणी आणलं म्हणून बादलीला हार घालायचा का?” असं विचारत. आम्ही लेकरं मनातल्या मनात म्हणायचो, घातला तर काय बिघडतं?

त्यांच्या बाजूनंही एक सांगायला हवं. वाडीतले दारूडे, बायकोला मारून पस्तावलेले, तुरुंगात जाऊन आलेले, सगळे आमच्या ओट्यावर निर्धास्त येऊन बसत. चर्चच्या पाळकसाहेबांकडे जायला ते बिचकत, पण अप्पांकडे येत. अप्पा स्वतःला त्यांच्यापेक्षा तसूभरही चांगलं मानत नसत, आणि हे त्या लोकांना बरोबर कळायचं. या शिकवणीत एक ऊब होती, ती पडलेल्यांना मिळायची. आमच्यासारखी शहाण्यासारखी वागणारी माणसं मात्र गारठायची.

उज्जैनला आले तेव्हा देवास गेटच्या मागे आमची भाड्याची खोली होती. बसस्टँडचा गोंगाट, हिंदी बोलणारे शेजारी, सकाळी पोहे आणि जिलेबी एकत्र खाणारी माणसं, सगळंच नवीन. दोन वर्षांत मी ‘भाजी’ म्हणायचं सोडून ‘सब्जी’ म्हणायला लागले आणि शाळेत नोकरीला लागले. नंतर आम्ही दुसऱ्या वस्तीत घर घेतलं. तिथे खालच्या मजल्यावर चिटणीसकाकू राहतात. शिंद्यांच्या काळात त्यांचे पूर्वज दफ्तरात लिहायला म्हणून आले आणि इथलेच झाले. काकू विधवा आहेत, मुलगा परदेशी. त्यांचं मराठी ऐकून मला पहिल्यांदा हसू आलं होतं. “तू परेशान नको होऊ बेटा, मी आहे न इथंच,” म्हणाल्या होत्या. आता माझी मुलंही तसंच बोलतात.

अप्पा एकदाच हौसेनं आले होते, आई असताना. मी त्यांना राम घाटावर नेलं. मनात धाकधूक होती, कारण हजारो माणसं तिथे पाप धुवायला बुडी मारतात आणि अप्पा काहीतरी बोलणार, कुणाला तरी ऐकू जाणार. ते पायऱ्यांवर बराच वेळ बसून राहिले. एक म्हातारा कुडकुडत पाण्यातून बाहेर येत होता, अप्पांनी त्याला हात दिला. मग मला म्हणाले, “यांना निदान ठाऊक तरी आहे, की धुवायला हवं.” एवढंच बोलले आणि चहा मागितला.

आई गेली तेव्हा मी गावी आले. तुम्ही सगळे होतात. दुष्काळात आपल्या घासातला घास काढून जिनं निम्मी वाडी जगवली, तिच्या कबरीपाशी अप्पा उभे राहिले. बायका पदर तोंडाला लावून वाट बघत होत्या की आता तरी हा माणूस दोन गोड शब्द बोलेल. ते म्हणाले, “शांता पापी होती, माझ्याइतकीच. तिनं जे केलं त्यात तिचं काही नव्हतं. जे होतं ते प्रभूचं होतं.” रडणाऱ्या बायका रडायच्या थांबल्या. संध्याकाळी ओट्यावर सगळ्यांच्या देखत त्यांनी मला बजावलं, “माझ्या मातीलाही हेच. माझ्याबद्दल एक चांगला शब्द कुणी बोलायचा नाही.” मी दुसऱ्या दिवशी निघाले. खरं सांगते, मला त्यांचा राग आला होता आणि तो वर्षानुवर्षं उतरला नाही. आईला एक हार घालायला काय हरकत होती?

मग त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ज्यांचा आवाज फाट्यापर्यंत जायचा त्यांच्या तोंडून नुसतं ‘हं हं’ निघायचं. विलासनं सुट्टी टाकली आणि तो त्यांना उज्जैनला घेऊन आला. पुढच्या खोलीत पलंग टाकला. दिवसा मी शाळेत, विलास ड्यूटीवर, मुलं कॉलेजात. काकू म्हणाल्या, “दुपारी मी येऊन जाईन न. भाऊंना खिचडी भरवीन, काही गोष्ट नाही.” मी समजले, बसतील जरा वेळ, घास भरवतील. त्यांनी भैरवगढच्या आपल्या जुन्या छापील चादरी फाडून अप्पांखाली घालायला घड्या करून ठेवल्या, तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. संध्याकाळी अप्पा स्वच्छ, कोरडे असायचे. मी इतकी दमलेली असायचे की ते तसे का आहेत हा प्रश्नच पडला नाही.

एका गोष्टीनं मात्र मी वैतागायचे. रोज घरी यावं तर अप्पांची उशी खाली फरशीवर पडलेली. मी उचलायची, झटकायची, त्यांच्या डोक्याखाली घालायची. मग पायांना तेल लावायला खाली गुडघे टेकायचे, तोवर डाव्या हातानं त्यांनी उशी पुन्हा खाली ढकललेली असायची. “अप्पा, पुरे आता,” मी म्हणायचे आणि पुन्हा वर ठेवायचे. मला वाटायचं, प्रवचन करता येत नाही म्हणून हा राग. आजारपणातसुद्धा हट्ट सुटत नाही, असं मी विलासला म्हणालेही. तो म्हणाला, असू दे.

अप्पा गेले ते भर उन्हाळ्यात. गावी नेईपर्यंत काय झालं असतं ते डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, म्हणून इथल्याच दफनभूमीत जागा घेतली. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

माती द्यायला माणसं मोजकी होती. इथली मंडळी बहुतेक हिंदी बोलणारी, काही केरळची. अप्पांना कुणी ओळखत नव्हतं. पाळकांना मी आधीच सांगून ठेवलं होतं की साक्षी नकोत, म्हणजे गेलेल्याबद्दल कुणी काही चांगलं बोलायचं नाही. पण त्यांच्या तोंडी सवयीनं आलंच, “कोई दो शब्द कहना चाहेगा?” मी मान खाली घातली. शब्द म्हणजे शब्द. आणि खोटं कशाला बोलू, बोलायची मुभा असती तरी माझ्याकडे काय होतं? जन्मभर त्यांनी मला चांगलं म्हटलं नाही, मी त्यांना म्हटलं नाही, हिशेब बरोबरीत सुटला होता.

तेवढ्यात काकूंचा आवाज आला. डोक्यावरून पदर घेऊन, चपला फाटकाशी काढून, त्या सगळ्यांच्या मागे उभ्या होत्या. अप्पांची अट त्यांना ठाऊक नव्हती. मी त्यांना थांबवू शकले असते, पण थांबवलं नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे.

“मला भाषण नाही येत,” काकू म्हणाल्या. “पण भाऊ फार भले होते. दुपारी त्यांचं सगळं साफ करायला लागायचं न, तर मी दार लावून घ्यायची. त्यांना शरम नको वाटायला. माझे गुडघे खराब आहेत. खाली बसली की तोंडातून ‘आई गं’ निघायचं. तर पहिल्याच दिवशी भाऊंनी काय केलं, एका हातानं आपल्या डोक्याखालची उशी ओढली आणि खाली टाकली. मला वाटलं पडली, मी वर ठेवली. त्यांनी पुन्हा टाकली, आणि माझ्या गुडघ्यांकडे बोट केलं. मग रोज. स्वतः बिना उशीचे पडून राहायचे, जोवर मी उठत नाही तोवर. माझ्या सख्ख्या माणसांनी नाही एवढं केलं.” त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि म्हणाल्या, “बस, इतकंच.”

पाळकांनी माती टाकायची खूण केली. मी मूठ भरली आणि ती माझ्याच्यानं सुटेना. विलासनं माझी बोटं उघडली.

कोण बघत होतं, अप्पा? दार बंद होतं. गुरुजी नव्हते, वाडी नव्हती, मी नव्हते. अप्पा बोलू शकले असते तर म्हणाले असते, तेही माझं नव्हे, बादलीला हार घालू नका. असेल. शास्त्र त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, आणि मी ते खोटं म्हणत नाही. माणसात पाप किती खोल असतं हे मी शाळेत, शेजारात आणि आरशात रोज बघते. पण ज्या हातात जेमतेम जीव उरला होता, तो हात अप्पांचाच होता.

आणि तुम्हाला वाटेल की ही आता सुखावली असेल. नाही. काकूंचं बोलणं संपलं तेव्हा मला खोलीतलं दुसरं चित्र दिसलं. संध्याकाळचं, माझं. मी फरशीवर गुडघे टेकतेय आणि अप्पा उशी खाली ढकलताहेत. मी उचलतेय, ते ढकलताहेत. त्यांनी माझ्या गुडघ्यांकडेही बोट केलं असेल, मी कधी त्यांच्या हाताकडे बघितलं नाही. फाट्यावर अख्ख्या एसटीसमोर जे त्यांना बोलता आलं नव्हतं, ते वाचा गेल्यावर रोज संध्याकाळी सांगत होते. आणि मी रोज ते उचलून, झटकून त्यांना परत देत होते.

तुम्ही विचारता, गावी कधी येणार, घर बंद पडलंय, कौलं फुटलीत. येईन कधीतरी. पण घर म्हणाल तर माझं घर आता त्या वाडीत नाही आणि या शहरातही धड नाही. पुढच्या खोलीतला पलंग आम्ही हलवलेला नाही. शाळेतून आले की मी दार लावून घेते, उशी खाली फरशीवर ठेवते, आणि तिच्यावर गुडघे टेकून बसते.