भर नाटकात विग पडला तेव्हा

बारावीच्या सुट्टीत माझे केस जायला लागले. आधी कानामागे रुपयाएवढी चकती दिसली, मग आणखी. शेजारच्या काकू म्हणाल्या, चाई पडलीय. डॉक्टर म्हणाले, "केस परत येतील किंवा नाहीही येणार. बाकी तू ठणठणीत आहेस."

आईला ते पटलं नाही. तिने माझ्या डोक्याला कांद्याचा रस चोळायला सुरुवात केली. बदलापूरच्या आमच्या शिरगावहून स्टेशनला जाताना शेअर रिक्षातल्या एका बाईने एकदा विचारलं, "भजी कोणाकडे आहेत हो?" मीही साळसूदपणे इकडेतिकडे बघितलं.

शेवटी उरलेसुरले केस मीच ट्रिमरने काढले. आई त्या दिवशी माझ्याकडे बघायलाच तयार नव्हती. मी डोक्याला ओढणी बांधून उल्हासनगरला कॉलेजला जायचे आणि शेवटच्या बाकावर बसायचे. तिथे शेजारी बसणाऱ्या सिंधी मुलीने एक दिवस विचारलंच, "रोज सर्दी असते का तुला?" मी ओढणी सरकवून दाखवली. ती म्हणाली, "इथेच कॅम्प तीनला मम्मीचं दुकान आहे. दुल्हन का सब सामान. विगपण आहेत. चल."

तिच्या मम्मीने मला स्टुलावर बसवून एकेक विग चढवला. "पुट, ये देख," असं लेकीला म्हणावं तसं म्हणत एक कुरळा घातला, त्यात मी हुबेहूब माझ्या आत्यासारखी दिसले. आम्ही तिघी इतक्या हसलो की दारातलं गिऱ्हाईक बाहेरच थांबलं. कितीतरी महिन्यांनी मी आरशात बघून हसले होते. शेवटी साधा, खांद्यापर्यंतचा विग घेतला.

त्या विगच्या जोरावर मी गॅदरिंगच्या नाटकात नाव दिलं. मी सरपंचाची भांडकुदळ बायको, आणि मिशी लावून सरपंच झाली होती माझी तीच मैत्रीण. आई पुढच्या रांगेत बसली होती.

दुसऱ्या प्रवेशात मी रागाने पदर झटकला. पदराची पिन विगमध्ये अडकली आणि विग थेट सरपंचाच्या पायाशी पडला. मैत्रीण खाली बघत राहिली. मग नाटकात नसलेलं वाक्य तिने टाकलं, "अगं, हे काय?"

"तुमच्याशी संसार करून एवढेच उरले होते," मी म्हटलं. "आज तेही गेले."

हॉल असा हसला की आम्हाला थांबून राहावं लागलं. मैत्रिणीने विग उचलला, झटकून खुंटीला टांगला आणि उरलेलं नाटक आम्ही तसंच केलं.

विंगेत आल्यावर मात्र मला रडू फुटलं. आई आत आली. ती आता माझं डोकं झाकणार, असं मला वाटलं.

"ते वाक्य नाटकातलं होतं की तुझं?" तिने विचारलं.

"माझं."

"वाटलंच. घरीपण अशीच उलटून बोलतेस." आणि तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. केस गेल्यापासून पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी मी उघड्या डोक्याने कॉलेजला गेले. काही जण वळून बघत होते, दोघं खिदळले. पण कॅन्टीनमध्ये मला कोणी टकली म्हटलं नाही, सगळे 'सरपंचीणबाई' म्हणत होते.

केस मध्ये थोडे आले, पुन्हा गेले. आता मी त्यांची वाट बघत नाही. अंबरनाथला नोकरी करते आणि संध्याकाळी बदलापूरला नाटकाच्या तालमीला जाते. सध्या एका ऐंशीच्या म्हाताऱ्याची भूमिका मिळालीय. डोक्याचं काही करावं लागत नाही, पण चाल जमत नाही. काल दिग्दर्शक वैतागून म्हणाले, "अगं, हा म्हातारा फारच तरतरीत वाटतोय."