माझ्या मित्राच्या मुलाचं नाव

चहा घ्या आधी, मग निवांत हसा. गाढवपणा मी आयुष्यात पुष्कळ केलाय, पण स्वतःच्या पोराच्या बारशात जो केला त्याला तोड नाही.

गेल्या वर्षी आम्हाला मुलगा झाला. चांगला साडेतीन किलोचा, आणि रडला की आमचा आख्खा हाटकेश एरिया जागा होईल असा. नाव मी आणि सायलीने हॉस्पिटलमध्येच ठरवलं होतं. दत्ताराम. माझ्या वडिलांचं नाव. बाबा रत्नागिरीहून आले, इथे हाटकेशच्या एका गाळ्यात तीस वर्षं लेथ मशीन चालवलं, आणि त्यांच्या हातचा एक पार्ट कधी खराब म्हणून परत आला नाही. दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांचं नाव माझ्या पोराला मिळणार म्हणून माझी छाती इतकी फुगली होती की शर्टाची बटणं लागेनात.

आता आमच्याकडे रीत अशी, की बारशाच्या दिवशी आत्याने बाळाच्या कानात नाव सांगायचं आणि मगच ते जगाने ऐकायचं. तोवर तोंडाला कुलूप. बारशाला पंधरा दिवस होते. तेवढ्यात माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. लोक काय म्हणतील?

आमच्या एका बिल्डिंगमध्ये दोन विवान आणि तीन कियान आहेत. त्यांच्यात आमचा दत्ताराम घसरगुंडीवर कसा दिसेल, तुम्हीच सांगा. म्हणून म्हटलं, जरा अंदाज घेऊ. पण नाव तर फोडायचं नाही. मग मी एक मित्र तयार केला. सचिन. त्यालाही मुलगा झालाय आणि तो त्याचं नाव दत्ताराम ठेवतोय. बिल्डिंगवाल्यांना सांगितलं, सचिन माझ्या ऑफिसातला. ऑफिसवाल्यांना सांगितलं, बिल्डिंगमधला. आहे की नाही डोकं?

पहिले सापडले शेजारचे जिग्नेशभाई, लिफ्टमध्ये.

"दत्ताराम?" ते म्हणाले. "बच्चे ने उसका क्या बिगाडा है?"

ऑफिसात कुलकर्णी मॅडमनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "अहो, शाळेत हजेरी घेताना पोरं हसतील त्याला. समजवा तुमच्या मित्राला."

मी "बघतो" म्हटलं आणि डबा न उघडताच घरी परत नेला.

पुढे प्रकरण माझ्या हातात राहिलंच नाही. सचिनची बायको काय म्हणते, असं जिग्नेशभाईंनी विचारलं. मी बोलून गेलो, रडत असते बिचारी. मग काय, त्यांच्या घरात रोज संध्याकाळी सचिनच्या बायकोची चर्चा. हेतलबेनने, म्हणजे जिग्नेशभाईंच्या बायकोने, चाळीस मॉडर्न नावांची यादी करून मला पाठवली, सचिनला फॉरवर्ड करायला. रोज लिफ्टमध्ये प्रश्न, "सचिन माना क्या?" आणि मी मान खाली घालून, "सोच रहा है."

शेवटी आईला विचारलं. ती मेथी निवडत बसली होती. नाव सायली आणि मी सोडून कुणालाच माहीत नव्हतं, आईलाही नाही.

"आई, माझा एक मित्र आहे सचिन. मुलाचं नाव दत्ताराम ठेवतोय. कसं वाटतं?"

तिचा हात थांबला. मान वर न करता म्हणाली, "ठेवू दे की. चांगला मुलगा दिसतोय." आणि निवडायची मेथी तशीच टाकून आत गेली.

झालं. मी म्हटलं, हिला नाव ऐकवत पण नाहीये, रोज हाक मारायची म्हणजे जिवावर येईल. आणि जगाचं मत तर कळलंच होतं. त्या दिवशी मी घाबरून हेतलबेनच्या यादीतलं सतरावं नाव उचललं. रिवान. केकवर रिवान, पाळण्यामागच्या बोर्डावर रिवान.

सायली दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "तुझा सचिन तुझ्यापेक्षा बरा. निदान ऐकत तरी नाही कुणाचं."

बारशाच्या दिवशी घर भरलं. माझी ताई डोंगरी गावात दिलेली, ती दोन बस बदलून सकाळीच आली होती. बाळाची आत्या ती, मान तिचा. मी तिच्या कानात नवं नाव सांगायला निघालो, तर मध्ये आई उभी. तिच्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी.

"सचिन आलाय का रे?" तिने विचारलं.

"कोण सचिन?" मी म्हटलं. मग आठवलं. "हां, तो. नाही आला."

"मग हे नेऊन दे त्याला. त्याच्या बाळाला."

कागद उघडला. आत बाळाची गोधडी होती. चौकडीचं कापड बघताक्षणी ओळखलं मी. बाबांची लुंगी.

"एवढी एकच ठेवली होती," आई म्हणाली. "दुपारी सायली झोपली की शिवायचे. आपल्या घरात काही ते नाव येत नाही. ज्याच्या घरात येतंय, त्याच्याकडे तरी असू दे."

सांगतो तुम्हाला, मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. म्हटलं, "आई, सचिन नाहीये."

"कळलं. उद्या दे."

"तसं नाही. मुळातच नाहीये. मीच तो."

जिग्नेशभाई मागेच वेफर्सची डिश घेऊन उभे होते. त्यांनी डिश खाली ठेवली. "मतलब दत्ताराम किसका बेटा है?"

"मेरा."

"और वो जो रोती थी?"

सायली पाळण्यापाशी बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "मैं."

मग ताईने मला कोपराने बाजूला सारलं, पाळण्यावर वाकली आणि मला न विचारता बाळाच्या कानात नाव सांगितलं. वर सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानेही सांगितलं. दत्ताराम. हेतलबेननेच पहिली टाळी वाजवली, खोटं कशाला बोलू. मी मागे जाऊन बोर्डावरचं रिवान उतरवायला लागलो.

मग बायका आईच्या मागे लागल्या, आजी, आता तुम्ही हाक मारा. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, आणि आईने तर चाळीस वर्षांत लग्नातल्या उखाण्यापलीकडे ते उच्चारलं नव्हतं. "अहो" आणि "हे", त्यातच संसार झाला. मी म्हटलं, "राहू दे आई, तू आपलं बाळ म्हण."

आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाबांच्या लुंगीत पोराला गुंडाळून छातीशी धरलं. डोळे भरले होते तिचे, पण मान अशी ताठ, जणू लेथवरचा पहिला पार्ट तिनेच काढला होता.

"दत्तारामा," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "लवकर मोठा हो बाबा. तुझ्या बापाला अक्कल शिकवायचं माझ्याच्याने झालं नाही, ते आता तू बघ."