तोंड नसलेला जंत

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतले तानाजीमामा दोऱ्याला कलेजीचा तुकडा बांधून ओढ्यात सोडतात आणि तासाभराने वर ओढतात. त्याला चिकटून आलेले नखाएवढे चपटे कृमी ते पाण्याच्या बशीत झटकतात. या कृमीला दोन तिरळे डोळे असतात. त्यांना फक्त उजेड आणि अंधार कळतो, पण तेवढ्यावर तो सावली गाठतो. खाणं तो वासावर शोधतो.

काल वर्गात त्या बशीशेजारी मी एक बरणी ठेवली. तिच्यात त्याचाच भाऊबंद होता, बकऱ्याच्या आतड्यातला पट्टकृमी, पांढऱ्या नाडीसारखा वेटोळून पडलेला. त्याला डोळे नाहीत, तोंड नाही, आतडंही नाही.

"मग तो जेवतो कसा, सर?" एका मुलीने विचारलं.

"अन्नातच राहतो, अंगाने शोषून घेतो. शोधावं लागत नाही, म्हणून शोधायची साधनंच गेली."

"आयतं मिळतंय की त्याला," मामा म्हणाले. मुली हसल्या. मीही हसलो.

संध्याकाळी घरी आलो. बायको आठ दिवसांसाठी लेकीकडे गेली आहे. चहा करावा म्हणून स्वयंपाकघरात गेलो. फळीवर एकसारखे स्टीलचे डबे होते. एकात रवा निघाला, एकात मेथ्या, एकात काय होतं ते मला ओळखताच आलं नाही. शेवटी बायकोला फोन लावला.

"चहापूड कुठे असते गं?"



"अहो, तीस वर्षं तुमच्या डोळ्यांसमोरच आहे."