विरहिणीचा कडा

त्या डोंगराळ जिल्ह्यात पाहण्यासारख्या जागा तीनच. तळं उन्हाळ्यात आटायचं, गुहेत वटवाघळांच्या वासाने नाक धरावं लागायचं. उरला गवताळ कडा आणि तो दाखवणारा गाइड. पण पाहुण्यांना नुसती दरी पुरत नाही. "इथे काही घडलंय का हो?" हे ठरलेलंच.

घडलं होतं ते साधं होतं. कड्यावर गवत कापताना गाइडची बायको पाय घसरून दरीत गेली होती. मुलगी तेव्हा चार वर्षांची. सुरुवातीला त्याने हे खरं खरं सांगून पाहिलं, तर लोकांनी जांभया दिल्या. मग त्याने तिखटमीठ लावलं. एक सुंदर बाई, शहरात गेलेला प्रियकर, तो परत आलाच नाही, शेवटी तिने उडी घेतली. नाव सांगितलं नाही, मग कोणाचं काय बिघडतंय? बायका डोळे पुसू लागल्या. वीस वर्षं या पठ्ठ्याने मेलेल्या बायकोला रोज दोनदा उडी मारायला लावली, रविवारी चारदा, आणि त्याला त्याची लाजही वाटली नाही.

पुढे पर्यटन कार्यालयाने तीच कहाणी फलकावर रंगवली: 'विरहिणीचा कडा'. गडी फुशारून गेला.

मुलीचं लग्न ठरलं. होणारी सासू कडा पाहायला आली, फलक वाचला आणि तिथल्या चहावाल्याला सहज विचारलं, "कोण हो ही बाई?"

"या गाइडचीच बायको गेली ना इथून," चहावाला भोळेपणाने म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी निरोप आला. असल्या बाईची मुलगी आम्हाला नको.

गाइड कार्यालयात धावला. "साहेब, सगळं खोटं आहे. पुसून टाका तेवढं."

"अहो, लोक येतात ते याच कड्यासाठी. आणि गोष्ट तुमचीच ना? करून सवरून आता नामानिराळे होता?"

घरी मुलगी भिंतीला टेकून बसली होती. तो तिच्यासमोर बसला, शपथा घेऊ लागला. "तुझी आई घसरली गं! माझ्या डोळ्यांदेखत. विळा हातातच होता तिच्या." बोलताना त्याचा आवाज कापत होता, डोळे भरून आले होते. पण पाहुण्यांसमोरही ते रोज असेच भरून यायचे, आणि मुलगी लहानपणापासून ते पाहत आली होती.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "बाबा, आता तरी सांगा. तो माणूस कोण होता?"