आयसिल्डाने केलेला केक

लग्नाचा काळा केक करावा तर आयसिल्डानेच, यावर क्यूबाशेजारच्या त्या बेटावरच्या डोंगरातल्या वाड्यांमध्ये दुमत नव्हतं. मनुका वर्षभर रममध्ये बुडवून ती बरणी पलंगाखाली ठेवायची. काळ्या रंगासाठी साखर जाळताना ती कडू व्हायच्या अगदी क्षणभर आधी कढई उतरवायची. लोणी-साखर घोटायला बसली की बोटाला कण लागेनासा होईपर्यंत उठायची नाही. मग भांड्याखाली निखारे, झाकणावर निखारे, आणि तेव्हा जवळ कोणी फिरकलंच तर त्याची खैर नसे.

केक अंगणातून निघाला की मात्र तिचा संबंध संपला. लग्नाच्या आदल्या दिवशी पांढऱ्या कपड्यांतल्या तीन बायका एकेक केक डोक्यावर घेऊन नवऱ्यामुलाच्या घरी जात, आणि त्या बायका चर्चमध्ये लग्न लागलेल्याच हव्यात. आयसिल्डा युरायासोबत सव्वीस वर्षं नांदत होती, चार मुलं झाली होती, पण लग्न लावायचं राहूनच गेलं होतं. अशी घरं तिथे ढिगाने होती आणि एरवी कुणाला त्याचं काही वाटत नसे. केक उचलायची वेळ आली की मात्र सगळ्यांना धर्म आठवायचा. मला विचाराल तर हा शुद्ध अन्याय होता. आयसिल्डा कुणाला काही बोलली नाही, पण तिला लागायचं.

या खेपेला लग्न तिच्याच मुलीचं, मर्लीनचं होतं.

युराया माणूस वाईट नव्हता, नुसता आळशी होता. आठवडाभर आधी कोकोचा चहा पिता पिता तो म्हणाला, "आयसी, गुरुवारी पाद्रीबाबांकडे जाऊन लग्न लावून येऊ या का? म्हणजे केक तुला उचलता येईल."

"सव्वीस वर्षं माझ्यासाठी सवड झाली नाही, आता केकसाठी झाली होय?"

"अगं, पण पोरगी आपली..."

"चहा पी. गार होतोय."

त्या दिवशी तिची साखर दोनदा करपली. असं कधी झालं नव्हतं.

मर्लीन म्हणाली, "आई, तू उचलणार नसशील तर केक इथेच राहू दे."

"वेडेपणा करू नकोस. पहिल्याच दिवशी सासूची बोलणी खाशील."

शुक्रवारी दुपारी तिघीजणी आल्या. पुढे लव्हिनामावशी, वय ऐंशीच्या घरात. पहिला केक पन्नास वर्षं तिचाच. ती अंगणातल्या बाकावर टेकली आणि डोक्यावरची चुंबळ नि पांढरी ओढणी काढून मांडीवर ठेवली.

"मावशी, चक्कर आली का?" आयसिल्डाने विचारलं.

"चक्कर तुला बघून येते. इकडे ये. वाक."

"मला चालत नाही, मावशी."

"कोण म्हणतं?"

"तुम्हीच. त्या शेजारच्या हॉर्टेन्सच्या लग्नात मी नुसता हात लावला, तर तुम्ही मला सगळ्यांसमोर मागे सारलंत."

म्हातारीने मांडीवरची ओढणी उलगडली. मग म्हणाली, "सारलं. चुकलं माझं. आयसी, माझा नवरा लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात क्यूबाला ऊस तोडायला गेला, तो गेलाच. त्या तीन महिन्यांच्या जोरावर मी जन्मभर केक वाहिले. आणि तुझी सव्वीस वर्षं कशातच धरायची नाहीत? वाक म्हणते ना!"

"पाद्रीबाबा काय म्हणतील?" मागची एक पुटपुटली.

"त्याच्या तोंडात मोठा तुकडा कोंब. काही म्हणणार नाही."

मावशीने तिच्या डोक्यावर ओढणी घातली, चुंबळ बसवली. केक डोक्यावर चढला आणि आयसिल्डा निघाली. वाटेत बोलायचं नसतं, म्हणून ती बोलली नाही. दोन्ही हात केकला धरलेले, आणि डोळ्यांचं पाणी काही थांबेना. त्या दिवशी नवरीने घराबाहेर पडायचं नसतं. तरी मर्लीन अनवाणी धावत आली आणि आईचे गाल पुसत पुसत थेट नवऱ्यामुलाच्या फाटकापर्यंत गेली.