सात किलोंचं शहाणपण

माझे भावोजी तोवर तीन वेळा विमानात बसले होते, तिन्ही वेळा दुसऱ्याच्या खर्चाने. डोलवीला एका ठेकेदाराकडे ते सुपरवायझर होते. ठेकेदार कसल्याशा कामाला दिल्लीला जायचा तेव्हा यांना बरोबर न्यायचा, बहुधा फायली उचलायला. पण पेणला परतल्यावर फायलींचा विषय कधी निघायचा नाही. निघायचा तो बॅगेचा. शहाणा माणूस विमानात एकच बॅग नेतो, ती हातात ठेवतो, आणि बाकीची माणसं सामानाच्या पट्ट्यापाशी ताटकळत असताना तो बाहेर चहा पीत असतो, हे आम्ही इतक्या वेळा ऐकलं होतं की ताई स्वयंपाकघरात त्यांच्या आधीच पुढचं वाक्य पुटपुटायची.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही दोघी खारेपाटातल्या, मिठागरावर राबणाऱ्या आईबापाच्या मुली. ताई लग्न होऊन पेणला गेली. मी रोह्याला असते आणि धाटावच्या एका कंपनीत डिस्पॅचला काम करते, म्हणजे आयुष्यभर ड्रमांची वजनं करून त्यांच्यावर चिठ्ठ्या चिकटवत आले आहे. ताईची एकुलती एक मुलगी बंगळुरूला असते. तिचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं, पण डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली आणि ते तिकडेच झालं. मुलगी झाली. बारसं सव्वा महिन्याने ठरलं आणि जावयाने आम्हा तिघांची तिकिटं काढून पाठवली. ताईचा आणि माझा हा पहिलाच विमानप्रवास.

आदल्या दिवशी दुपारी मी रोह्याहून पेणला गेले, तेव्हा ताईने पलंगावर सगळं मांडून ठेवलं होतं. दोन किलो कडवे वाल, कारण मुलीला बिरडं दुसऱ्या कशाचं चालत नाही. पोह्यांचे पापड, डिंकाचे लाडू, बाळंतशोप, बाळाच्या मालिशसाठी घाण्यावरून आणलेलं खोबरेल. आणि एक गोधडी. आमच्या आईची दोन जुनी लुगडी आणि ताईची स्वतःची एक साडी, अशा तीन कापडांची. ती शिवायला तिला तीन महिने लागले होते. डोळ्याला कमी दिसतं, म्हणून ती फक्त सकाळच्या उजेडात, ओटीवर बसून शिवायची.

भावोजी हुकाचा वजनकाटा घेऊन आले. खास या प्रवासासाठी मागवला होता. त्यांनी ताईची बॅग त्याला लटकवली, काट्याकडे पाहिलं आणि डॉक्टर वाईट बातमी सांगताना करतो तसा चेहरा केला. अकरा किलो. सात चालतात. मग त्यांनी स्वतःच्या हाताने एकेक वस्तू बाहेर काढायला सुरुवात केली. तेल तर नेताच येत नाही, ते बरोबरच होतं. वाल तिकडे काय मिळत नाहीत का? लाडू अर्धे. पापड चुरा होतील. गोधडी काढली तेव्हा ताई म्हणाली, "ती र्‍हाऊंदे." त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, जागा खाते, आणि तिकडे त्या लोकांकडे बाळासाठी चांगल्या चांगल्या वस्तू असतात, आपण चिंध्या नेऊन हसं करून घ्यायचं का?

आता माझं सांगते. तिकीट माझ्याही फोनवर आलं होतं आणि मी ते पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं होतं. कागद वाचणं हाच माझा धंदा. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की हातातल्या बॅगेशिवाय माणशी पंधरा किलो सामान विमानाच्या पोटात टाकता येईल, त्याच तिकिटात. म्हणजे वाल, तेल, गोधडी, सगळं गेलं असतं. वर आणखी दोन गोधड्या गेल्या असत्या. मी ते एकदा बोलले. भावोजी माझ्याकडे न बघता म्हणाले, पट्ट्यापाशी तोंड वासून उभं राहणं हे गावठी लोकांचं काम आहे, आपल्याला ते करायचं नाही. आणि मी गप्प बसले. कंपनीत मी चुकीचं वजन लिहिणाऱ्या ट्रकवाल्याला दारातून परत पाठवते. पण त्या घरात गेले की मी पुन्हा धाकटी मेहुणी होते, पोहे खाते आणि मान डोलावते. त्यांची मला किळस येते हे खरं, पण त्या दुपारी स्वतःची किळस आली ती अजून गेलेली नाही.

सगळं काढून झाल्यावर ताईची बॅग साडेचार किलो भरली. तीन साड्या, थोडे लाडू, बाळाचं चांदीचं वाळं, औषधं. भावोजींनी पुन्हा काट्याकडे पाहिलं, आणि या वेळी त्यांचा चेहरा उजळला. अडीच किलो जागा शिल्लक होती. त्यांनी आत जाऊन स्वतःच्या बॅगेतले चामडी बूट आणले, कोट आणला, आणि दोन्ही ताईच्या बॅगेत घातले. त्यांची बॅग मग बरोबर सात किलोंची झाली. ती त्यांनी एका बोटावर तोलून आम्हाला दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गाडीने निघालो. विमान दुपारचं होतं. वाटेत भावोजींनी ताईची शिकवणी घेतली. बांगड्यांनी यंत्र वाजेल, घाबरायचं नाही. तिथे खाकी कपड्यातली माणसं असतात, त्यांच्याशी बोलायला जायचं नाही. "तुला काय बी विचारलं तर गप र्‍हा, मी बोलीन," असं त्यांनी दोनदा सांगितलं. ताई खिडकीतून बाहेर बघत व्हय म्हणाली.

विमानतळावर ते आमच्या चार पावलं पुढे चालत होते. तपासणीच्या रांगेत त्यांनी कमरेचा पट्टा काढला, घड्याळ काढलं, फोन ट्रेमध्ये ठेवला, सगळं इतक्या थाटात की पूजेची तयारी चाललीय असं वाटावं. पुढच्या माणसाला ट्रे कसा सरकवायचा तेही सांगितलं, त्याने विचारलं नसताना. बायकांची रांग वेगळी होती. पडद्याआड एका मुलीने ताईच्या अंगावरून यंत्र फिरवलं, ते मंगळसूत्रापाशी वाजलं, बांगड्यांपाशी वाजलं, आणि तिने हसून जा म्हटलं. ताई बाहेर आली ती खूश होऊन. "काय नाय गो त्यात," ती मला म्हणाली.

आमच्या बॅगा यंत्रातून बाहेर येत होत्या. माझी आली. भावोजींची आली, ती त्यांनी उचलली आणि पलीकडे उभे राहून ते पट्टा बांधू लागले. ताईची बॅग मात्र बाजूच्या पट्टीवर वळवली गेली. तिथल्या खाकीतल्या बाईने विचारलं, "ये बैग किसका है?"

ताईने हात वर केला. शाळेत करतात तसा.

बाईने बॅग उघडली. साड्या बाजूला केल्या, कोट काढला, बूट काढला. डाव्या बुटात एक मोजा होता आणि मोज्यात काहीतरी जड. तिने मोजा उलटा केला. अडकित्ता. चांगला हातभर नसला तरी वीतभर, पितळी मुठींचा, पात्याला नुकतीच धार लावलेला. तो ओळखायला मला एक क्षणही लागला नाही. भावोजी दिवसाला पंधरा वेळा सुपारी कातरतात आणि कातरताना तो दुसऱ्याच्या तोंडासमोर नाचवत बोलतात.

बाईने ताईला विचारलं, हे कशाला आणलं? ताईला हिंदी समजते, पण पटकन बोलता येत नाही. तिने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. ते सहा-सात हातांवर उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं, हे मी शपथेवर सांगेन, कारण पट्टा बांधणारे त्यांचे हात थांबले होते. मग ते एकाएकी फोन पाहू लागले.

"अहो," ताई म्हणाली, "तुमचा अडकित्ता."

आता रांगेतली माणसंही बघायला लागली होती. भावोजींनी मान वर केली आणि ताईशी नाही, त्या बाईशी बोलले. हिंदीत, हसत हसत. "बैग उसका है मैडम. पहली बार आयी है. गाँव का लोग, कुछ भी भर देता है."

मी आयुष्यात भेकड माणसं पुष्कळ पाहिली आहेत. गळका ड्रम दुसऱ्याच्या पाळीवर ढकलणारी, साहेब आला की संडासात जाऊन बसणारी. पण एवढ्याशा पितळी वस्तूसाठी, जिला फार तर कचऱ्याच्या डब्यात टाकलं असतं, कोणी आपल्या बायकोला असं चारचौघांत उघडं पाडलेलं मी पाहिलं नव्हतं. कोणी त्यांना तुरुंगात घालणार नव्हतं. नुसतं माझा आहे म्हणायचं होतं.

मला वाटलं ताई रडेल, आणि मी पुढे झाले. पण ती त्या बाईला थांबा अशी खूण करून बॅगेपाशी गेली. तिने दुसरा बूट बाहेर काढला. कोट नीट घडी करून ट्रेमध्ये ठेवला, त्यावर दोन्ही बूट, शेजारी मोजे. मग तिच्या साड्या, लाडवांचा डबा आणि औषधांची पिशवी बॅगेत परत लावली, चेन ओढली आणि बाईला म्हणाली, मराठीतच, "ह्या बॅगेत माझं एवढंच हाय. बाकीचं त्यांचं हाय, त्यांना इचारा."

बाईला मराठी येत होती की नुसते बूट पाहून कळलं, माहीत नाही. मापाने ते बूट ताईच्या पायाच्या दुप्पट होते. तिने ताईला जाऊ दिलं आणि भावोजींना बोटाने जवळ बोलावलं.

अडकित्ता डब्यात गेला. कोट त्यांनी अंगावर चढवला, त्या उकाड्यात. बुटांना त्यांच्या सात किलोंच्या बॅगेत जागा नव्हती, कारण ती त्यांनीच काटोकाट भरली होती. विमानाच्या फाटकापाशी येऊन ते मला म्हणाले की ताईच्या बॅगेत आता जागा आहे ना, तेवढे बूट ठेवायला सांग. मी सांगितलं नाही. मग त्यांनी स्वतः विचारलं. ताई नाय म्हणाली, एवढंच, आणि माझ्याकडे वळून बाळाचे फोटो दाखवू लागली. ते दोन्ही बूट एका हातात धरून विमानात चढले. दारातल्या पोरीने त्यांनाही हात जोडून नमस्कार केला.

बंगळुरूला पोचल्यावर ते तासाभरात सावरले. असली माणसं सावरतातच. जावयाच्या आईवडिलांना त्यांनी तपासणीचा किस्सा रंगवून सांगितला. त्यात अडकित्ता ताईने ठेवला होता, आणि यांनी अधिकाऱ्याशी चार शब्द बोलून प्रकरण मिटवलं होतं. ताई आतल्या खोलीत बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, तिला सगळं ऐकू येत होतं. मी म्हटलं, मी बाहेर जाऊन खरं काय ते सांगते. ती म्हणाली, "कशाला? तुझा तरी इस्वास बसतोय का त्यांच्यावर? व्याह्यांचा पण नाय बसत. तोंडं बघ त्यांची."

बारसं झालं. तिसऱ्या दिवशी परतायचं होतं. निघायच्या आदल्या सकाळी ताईने चहा देता देता सांगितलं की ती येत नाही, बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत राहणार. भावोजी म्हणाले, तिकीट फुकट जाईल. मग म्हणाले, तीन साड्यांत दोन महिने कशी राहशील? लेक म्हणाली, माझे गाऊन आहेत. मग ते म्हणाले, माझ्या जेवणाचं काय? चहा निवत होता, तो ते प्यायले.

परत येताना मी माझी बॅग काउंटरवर दिली. गरज नव्हती, पाच किलोंचीच होती. मुंबईला उतरल्यावर मी पट्ट्यापाशी उभी राहिले आणि ते बाहेरून फोन करत राहिले, किती वेळ लागेल म्हणून. मी उचलला नाही. पेणला त्यांच्या घरून मी पलंगावरचं सगळं गोळा केलं आणि रोह्याहून पार्सलने बंगळुरूला पाठवलं. तेलाची बाटली तीन पिशव्यांत बांधली, ड्रम बांधतो तशी.

त्या दिवसांत भावोजी रविवारी रोह्याला जेवायला यायचे. मी वाढायचे, माझ्या नवऱ्याला ते विमानात खिडकीची जागा कशी मिळवायची ते सांगायचे, आणि तो बिचारा सज्जन असल्याने ऐकायचा. एकदा ते हात धूत असताना ताईचा फोन आला. बाळाने मान धरली होती. ती ते दोन-तीनदा बोलली, मग तिने विचारलं, "ते जेवतात ना गो बरोबर?"

मला राग आला. व्हय म्हटलं, त्यांनी दोन वेळा भात घेतला, आणि तिला म्हटलं, बाळाविषयी आणखी सांग.