शेवटचा अर्धा पीळ

मला वाचवणारा माणूस जपानी होता, फुटबॉल खेळायचा, आणि माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान होता. हे आधी सांगून टाकतो. कारण काय घडलं ते सांगायला लागलो की माझी जीभ हळूहळू माझीच बाजू घ्यायला लागते.

सौदीतल्या ताइफमधल्या एका लहान क्लबात मी किटमॅन आहे. इकाम्यावर, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावर, ‘सफाई कामगार’ लिहिलंय, पण खेळाडूंचे कपडे धुणं, बूट पुसणं, बुटांना स्टड लावणं, सगळं माझ्याकडे. स्टड म्हणजे बुटाच्या तळाला पिळून बसवायचे धातूचे खुंट. मागे राहून गोल अडवणाऱ्याला लांब लागतात, पुढे धावणाऱ्याला आखूड. हे काम मला कुणी शिकवलं नाही. हाताला पान्याची सवय होती, तेवढंच. सातवीत शाळा सोडून मी रत्नागिरीकडे अब्बांच्या मच्छीमारी बोटीवर गेलो आणि इंजिनाशी बसलो. अब्बा सांगायचे, “नट शेवटपर्यंत पिळायचा नाही. अर्धा पीळ ठेव. उद्या भर दर्यात तोच खोलायचाय. आटे गेले तर काय दातांनी खोलशील?” ते वाक्य डोक्यात नाही, मनगटातच बसलं.

मॅचच्या दिवशी ड्रेसिंग रूममध्ये मी शर्ट जागेप्रमाणे टांगतो. दाराशी गोलकीपर, मग बचाववाले, मग मधले, शेवटी पुढचे. जपानी आला त्या पहिल्या दिवशी त्याचा शर्ट हातात घेऊन मी उभाच राहिलो. याला टांगू कुठे? कोचला विचारलं तर तो म्हणाला, “बघू.” शेवटी लॉन्ड्रीच्या दारापाशी एक मोकळा खुंटा होता, तिथे टांगला. तो आला, खुंटा पाहिला, मला पाहिलं आणि थोडा वाकला. माझ्यासमोर वाकणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. मीही घाईघाईने वाकलो आणि डोकं धुण्याच्या मशीनच्या झाकणावर आपटलं.

इथे सगळ्याच खेळाडूंना ‘कॅप्टन’ म्हणतात, तसं मीही त्याला म्हणायचो. तो मला भाई म्हणायचा. दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं, म्हणून जमलं. मॅचनंतर स्वतःचे मोजे सुलटे करून टोपलीत टाकणारा तो एकटाच. सरावानंतर लॉन्ड्रीत उलट्या बादलीवर बसून चहा प्यायचा आणि बोटांवर मोजत सांगायचा. शाळेत गोल मारायचा. कॉलेजात मधे खेळवला. पहिल्या मोठ्या क्लबात उजव्या बाजूच्या खेळाडूचा पाय मोडला, म्हणून याला उजवीकडे. तो बरा होऊन आला, तर याला डावीकडे. मग थायलंडला गेला, तिथे पार मागे, मधोमध. एकदा गोलकीपरला बाहेर काढलं तर शेवटची दहा मिनिटं हातमोजे घालून गोलात उभा राहिला.

“मग तुमची स्वतःची जागा कुठली, कॅप्टन?” मी विचारलं.

तो हसला. “एम्प्टी प्लेस,” म्हणाला. जी रिकामी असेल ती.

आमच्या बसचा ड्रायव्हर हैदराबादचा. तो मला चिडवायचा, “क्या कोकणी, तेरा जापानी तो स्टेपनी है! जो चक्का पंक्चर, उधर लगा दो.” मी रागावायचो, पण खोटं काय होतं त्यात? कोच दर आठवड्याला त्याला नव्या जागी लावायचा आणि दर आठवड्याला मी त्याचे स्टड खोलायचो, दुसरे बसवायचो. बाकीच्यांचे महिनोन् महिने तसेच राहायचे, म्हणून ते मी गच्च आवळायचो. याचे उद्या पुन्हा खोलायचेत म्हणून मनगट आपोआप अर्धा पीळ आधी थांबायचं. मला वाटायचं, मी त्याच्या बुटांची काळजी घेतोय.

माझी अवस्था तेव्हा नाजूक होती. महिनाभर आधी मी पांढऱ्या शर्टांत एक लाल टॉवेल धुतला होता आणि टीम गुलाबी होऊन मैदानात उतरली होती. लोक ओरडत होते, “आले ताइफचे गुलाब!” खेळाडू हसले, मुदीर, म्हणजे क्लबचा मॅनेजर, हसला नाही. त्याने मला उभं करून सांगितलं, “अजून एक चूक, आणि खलास. खुरूज.” खुरूज म्हणजे इकामा रद्द आणि परतीचं विमान. घरी अब्बांचं अर्धं अंग लुळं पडलंय. मुलगी दहावीत. माझ्यासारखी सातवीत थांबली नाही, एवढीच माझी कमाई. मी आठवडाभर जेवलो नाही धड. हे सगळं जपान्याला ठाऊक होतं, मीच त्या बादलीसमोर बसून रडलो होतो.

तो शुक्रवार होता. मी जुम्म्याची नमाज पढून आलो तर डोंगरावरून ढग उतरलेले, गारा पडत होत्या. मॅचला दीड तास. कोच म्हणाला, “जपानी आज मागे, डावीकडे. लांब स्टड लाव, यल्ला!” मी बारा स्टड बदलले. रेफरीच्या माणसाने बुटांच्या तळावरून हात फिरवला, ठीक आहे म्हणाला. अर्धा पीळ हाताला कळत नाही.

दुसऱ्या हाफमध्ये तो माझ्या समोरच वळला. पुढचा पाय गवतात रुतायला हवा होता, तो साबणावरून जावा तसा गेला आणि वरचं शरीर मागेच राहिलं. गुडघ्याचा आवाज मी ऐकला असं लोकांना सांगत नाही, कारण एवढ्या गोंगाटात कुणाचा विश्वास बसणार नाही. पण ऐकला.

सगळे गेल्यावर मी त्या जागी गेलो. गवतात स्टड पडला होता. तुटलेला नव्हता. आटे अगदी नव्यासारखे स्वच्छ. तो तुटला नव्हता, सुटला होता. मी तो खिशात टाकला.

सकाळी मुदीरने बोलावलं. टेबलावर तो बूट, तळाला एक भोक रिकामं. “हे कुणी बसवले?” माझा हात खिशातल्या स्टडवर गेला. तेवढ्यात दार ढकलून जपानी आला, काखेत कुबड्या, दवाखान्यातून सरळ. माझ्याकडे पाहिलंही नाही.

“मी,” तो म्हणाला. “माय शू. मी खोलले, मीच लावले. माय मिस्टेक.”

“हा कुठे होता मग?” मुदीरने माझ्याकडे बोट केलं.

“नमाज,” तो म्हणाला.

मुदीरने माझ्याकडे पाहिलं. मला फक्त ‘नाही’ म्हणायचं होतं. एक शब्द. मी मान खाली घातली आणि माझी मान खाली गेली ती होकारासारखी दिसली. ती मी तशी दिसू दिली.

कागदावर लिहिलं गेलं, खेळाडूचा स्वतःचा निष्काळजीपणा. ऑपरेशनची जबाबदारी क्लबने झटकली, करार संपवला. चौतिसाव्या वर्षी तो गुडघा घेऊन दुसरा क्लब कोण देणार? ज्याला कुठेही खेळवता यायचं, त्याला आता खेळवायला जागाच उरली नाही. माझा इकामा मात्र पुढच्या महिन्यात नवा झाला.

जायच्या आदल्या दुपारी तो बूट गळ्यात अडकवून लॉन्ड्रीत आला. बादलीवर बसता येईना, म्हणून उभाच राहिला. हात पुढे करून पाना मागितला. मग स्टड मागितला. तो माझ्या खिशात आहे हे त्याला कसं कळलं, मी विचारलं नाही. त्याने तो भोकात बसवला, पिळला, माझं मनगट थांबायचं तिथे क्षणभर थांबला, आणि अजून अर्धा पीळ दिला.

“हाफ मोअर,” म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“सॉरी, कॅप्टन.”

“यू, वन पोझिशन,” तो म्हणाला. “कीप.” तुला एकच जागा आहे, ती सांभाळ. मग बूट माझ्या हातात ठेवले आणि कुबड्यांवर जमेल तेवढा वाकला. मी वाकलो तो वर उठलोच नाही, त्याच्या कुबड्यांचा आवाज बंद होईपर्यंत.

ड्रायव्हर सांगतो की कॅप्टन आता त्याच्या गावी शाळेतल्या पोरांना फुटबॉल शिकवतो, लंगडतो. लॉन्ड्रीजवळच्या खुंट्याला मी काही टांगत नाही. नवा कोणी शर्ट लावला तर काढून दुसरीकडे ठेवतो. रात्री झोप लागत नाही असं नाही. लागते, त्याचीच लाज वाटते. उद्या खोलायचे असोत-नसोत, सगळ्यांचे स्टड आता शेवटपर्यंत आवळतो. दोघांच्या बुटांचे आटे गेलेसुद्धा. त्याने काय होणार? त्याचा गुडघा काही परत येत नाही.

हे भेकडाचं वचन आहे, मला कळतं. पण मुलगी स्वतःच्या पायावर उभी राहिली की मी मुदीरच्या टेबलावर इकामा ठेवीन आणि त्या कागदावरचा खोटा शब्द खोडायला लावीन: स्टड मी बसवले होते. खोडलेला कागद आणि हे बूट घेऊन मी त्याच्या गावी जाईन, त्याच्या शाळेतल्या पोरांसमोर उभा राहीन आणि मोडक्या इंग्रजीत सांगेन की तुमच्या मास्तरांची चूक नव्हती. कॅप्टन, त्या दिवशी मान खाली घालणार नाही.